दाढेची चोरचोळी

आमच्याकडे शेळी विकत घ्यायची तर आधी तिचं तोंड उघडून बघतात. आमचे हे तर दोन बोटांनी जबडा फाकवून दातांवरून वय सांगतात, आणि विकणाऱ्याने काही वेगळं सांगितलं तर व्यवहार तिथंच मोडून घरी येतात. हेच गृहस्थ मुलासाठी पासलीला मुलगी बघायला गेले तेव्हा त्यांनी शिक्षण विचारलं, उंची विचारली, पोहे दोनदा मागून घेतले आणि पसंती सांगून मोकळे झाले. मुलगी हसताना पदर तोंडाला लावत होती. आमच्या सासूबाई सोबत होत्या. त्यांनी मला कोपर मारलं आणि कानात म्हणाल्या, “बघ, कशी मर्यादंची हाय. न्हाईतर तू. आली तवा तुजं हसणं पार गोठ्यापतूर जायचं.”

ती मर्यादा नव्हती, दाढ होती. पण हे कळायला दिवाळी उजाडावी लागली.

आमचं घर पालीत, राजगडाच्या पायथ्याशी. शनिवार-रविवारी गडावर चढणारी पुण्याची पोरं येतात, त्यांना आम्ही पिठलं-भाकरी करून घालतो. बाकीचे दिवस शेत आणि शेळ्या. मुलगा शिरवळला कंपनीत जातो. सून आली वैशाखात, आणि पहिल्याच पावसाळ्यात तिने माझा निम्मा चुलीचा भार उचलला. भाकरी अशी गोल थापायची की ट्रेकवाले फोटो काढायचे. स्वतः मात्र तीच भाकरी आमटीत कुस्करून, मऊ लगदा करून, एका गालात ठेवून खायची. सगळ्यांची ताटं धुऊन व्हायची तरी हिचं चाललेलंच. सासूबाई कौतुकाने म्हणायच्या, “लक्षुमी कशी सावकाश जेवती.” मला लक्ष्मीच्या जेवणाचा अनुभव नाही, पण शेळी एका बाजूने चावायला लागली की आम्ही काय समजतो ते मला माहीत आहे.

त्यात मिशरी सुरू झाली. सासूबाई रोज सकाळी चुलीवर फुटक्या तव्यात तंबाखू भाजतात, ती काळीभोर झाली की चुरतात, आणि भिंतीला टेकून बोटाने दाताला लावत बसतात. हा त्यांचा दिवसातला सगळ्यात सुखाचा वेळ. त्या वेळी कुणी काही विचारलं तर त्या नुसत्या भुवया हलवतात. एके दिवशी बघते तर त्यांच्या शेजारी तशाच टेकून, तशाच भुवया हलवत, माझी सून.

“नातसून माज्या वळणावर गेली,” सासूबाई चूळ भरून म्हणाल्या.

मी सुनेला मागच्या पडवीत नेलं. “कधीपासून?”

“आठवडा झाला, आत्या. लावली की दुखणं बधिर होतं.”

“काय दुखतंय?”

तिने तोंड उघडलं. मी मोबाईलची बॅटरी लावली. उजवीकडची खालची, शेवटून दुसरी दाढ. दाढ कसली, उखळ होतं तिथं. त्यात लवंगेचं बोंड कोंबून ठेवलेलं.

“लग्नाआधी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, पोरगी किडकी आहे.”

“म्हटलंच असतं,” मी म्हणाले. खोटं कशाला बोलायचं?

मग ती जे बोलली ते तिने बरेच दिवस मनात घोळवलेलं असावं. म्हणाली, “मला मूल व्हायच्या आधी हे करून घ्यायचंय. ह्यांनापण सांगून ठेवलंय. आधी दाढ, मग पुढचं.” तिच्या थोरल्या बहिणीची दाढ अशीच होती. ती पोटुशी असताना गाल सुजला, आणि घरातल्या एकाही माणसाने तिला दातांच्या डॉक्टरकडे नेलं नाही. बाळंतपण होऊ दे, मग बघू म्हणाले. ते दिवस हिने जवळून पाहिले होते.

मला एक कोडंही सुटलं. माझा मुलगा महिनाभर जेवताना मोबाईलवर भोरमधले दातांचे दवाखाने शोधत होता. मी आपली खूश होते, बायकोची किती काळजी करतो म्हणून. पोराला दाढेची नव्हे, पुढच्याची घाई होती.

सोमवारी आम्ही दोघी भोरला निघालो. सोमवारी गडावर गर्दी नसते. मार्गासनीपर्यंत माणसं कोंबून नेणारी वडापची जीप, पुढे एसटी. जीपमध्ये आमच्या वरच्या आळीतली एक बाई बसली होती. तिला गावातलं सगळं आधी कळतं, आणि जे कळत नाही ते ती ठरवते.

“कुटं निघाल्या सासवा-सुना?”

“भोरला. दवाखान्यात.”

“आगं बया!” तिने सुनेकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. “किती झालं?”

“दाढ दुखतीया तिची,” मी म्हणाले.

“व्हय व्हय,” ती सगळ्या जीपकडे बघून हसली. “पयल्यांदा दाढच दुखती.”

जीपमधल्या सगळ्या बायका समजुतीने हसल्या. यात त्यांची चूक नव्हती. आमच्याकडे तीन महिने भरेपर्यंत दिवस गेल्याचं कुणी बोलत नाही. नजर लागते. तोवर घरच्यांनी काहीतरी कारण सांगायचं असतं. पित्त, कंबर, अशक्तपणा. ऐकणाऱ्याने मान डोलवायची आणि मनात हिशेब धरायचा. त्यामुळे नव्या सुनेला खरोखरच काही दुखलं, तर ते सांगायची सोयच नाही. जितकं नाही म्हणाल तितकी बातमी पक्की होत जाते. माझ्या वेळी मी पित्त सांगितलं होतं. त्या पित्ताला आता नोकरी लागली आणि त्याचं लग्नही झालं.

दातांची डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने सुनेला खुर्चीत आडवं केलं, दिवा ओढला, आत बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: “दिवस गेलेत का? शेवटची पाळी कधी आली?”

दार अर्धं उघडं होतं. बाहेरच्या बाकावर जीपमधलीच एक बाई नातवाला घेऊन बसली होती. सुनेने शाळेत कविता म्हणावी तसं मोठ्याने उत्तर दिलं, की आत्ताच येऊन गेली, आणि दिवस गेलेले नाहीत. बाकावरच्या बाईने ऐकलं ते फक्त प्रश्नापुरतं.

“दाढेचा एक्स-रे काढायचा असतो, औषधं द्यायची असतात, म्हणून विचारावं लागतं,” डॉक्टर मला म्हणाली. “ही आधी आली ते बरं झालं. आमच्याकडे बायका लग्नाआधी पुढचे दात चकचकीत करायला येतात, नाहीतर एकदम सातव्या महिन्यात, गाल धरून. मधल्या काळात कुणाला दात नसतातच जणू.”

“दिवस गेल्यावर करता येत नाही ना?” मी विचारलं.

“येतं की. मधल्या महिन्यांत तर चांगलं येतं. मी तयार असते, घरचे तयार नसतात. आणि त्या दिवसांत हिरड्या सुजतात, उलट्यांनी दात झिजतात. आधीच खड्डा असेल तर मग बघायलाच नको.”

मी म्हटलं, ते मला ठाऊक आहे, माझ्या मुलाने पोटात असताना माझ्या दोन दाढा खाल्ल्या.

डॉक्टर हसली. “बाळ आईच्या दातांतलं काही नेत नाही हो, काकू. हिरड्यांकडे लक्ष दिलं नसेल, दुसरं काय.”

बोलून ती कामाला लागली, पण माझं मोठं नुकसान करून गेली. ‘तुझ्यापायी मी दोन दाढा घालवल्या’ हे एक वाक्य मी इतकी वर्षं जपून वापरलं होतं. त्यावर मी मुलाकडून सिलिंडर वाहून घेतले, त्याची सिगारेट सोडवली, एकदा तर त्याला भर उन्हात भात झोडायला उभा केला. आणि आता सून खुर्चीत पडल्या पडल्या ते सगळं ऐकत होती. तोंडात नळी असूनही ती हसली, हे मी पाहिलं.

त्या दिवशी डॉक्टरने दाढेची नस काढली, आत औषध भरून वरून तात्पुरतं बुजवलं. अजून दोनदा यायचं, मग वर कॅप बसवायची. मिशरी बंद, हेही बजावून सांगितलं.

आम्ही घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. ओट्यावर कुणीतरी चिंचा ठेवून गेलं होतं. सासूबाई दारातच उभ्या.

“दिवस गेलेल्या बाईच्या तोंडात मशीन घातलं?” त्यांनी मला विचारलं.

“दिवस गेलेले न्हाईत.”

“तू बी पित्त म्हणाली व्हतीस.”

सून मध्ये पडली. “आजी, खरंच नाही हो. देवाशप्पथ.”

“आसंच म्हणायचं आसतं, पोरी. चांगलं वळण हाय तुला,” सासूबाई म्हणाल्या आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळून, “पर आता भोरला जायचं न्हाई. गेलीस हिला घिऊन तर मी जेवायची न्हाई. सांगून ठेवते.”

म्हातारी बोलल्याप्रमाणे वागते, हे मला चांगलं माहीत आहे. मी मुलाला पुढे करायचं ठरवलं. तो कंपनीतून आला, आजीजवळ बसला आणि उठला तो वेगळंच बोलत.

“आजी म्हणतीय तर थांबू की थोडे दिवस.”

“तुला काय झालं? महिनाभर दवाखाने शोधत होतास ना?”

तो माझ्या जवळ आला, आवाज खाली आणला. “आई, खरंच नाही ना?”

“मला काय विचारतोस, गाढवा?”

पुढचे दोन शनिवार-रविवार गडावर झुंबड होती. सोमवार आला की सासूबाई सकाळपासून दारात बसायच्या. मीही, खरं सांगायचं तर, कामाच्या रगाड्यात म्हातारीचा उपास कुठे अंगावर घ्या म्हणून पुढच्या सोमवारवर ढकलत होते. एका दुपारी ताटं उचलताना सुनेने तळहात पुढे केला. दाढेत भरलेलं ते पांढरं तिच्या हातावर पडलं होतं, चुन्याच्या टवक्यासारखं.

“आत्या, आता आत काही गेलं तर परत सगळं पहिल्यापासून.”

“या सोमवारी जाऊ. म्हातारी उपाशी राहिली तर राहू दे. एका दिवसाने काही होत नाही,” मी म्हणाले.

पण त्याआधी रविवारीच तिची आई आली. पासलीपर्यंतही बातमी गेली होती. विहीणबाई आल्या त्या नव्या तांदळाची पिशवी, नारळ आणि कागदात गुंडाळलेला हिरवा खण घेऊन. चोरचोळी. तिसऱ्या महिन्यात, अजून जगाला सांगितलेलं नसतं तेव्हा, माहेरने गुपचूप चोळी द्यायची असा आमच्याकडचा रिवाज. आईने विचारायचं नाही, मुलीने सांगायचं नाही, नुसती ओटी भरून घ्यायची. इतकी गुपचूप, की आमच्या आळीतल्या सगळ्यांना विहीणबाईंची पिशवी कशाची ते माहीत होतं. विहीणबाईंचा महिन्यांचा हिशेबही घाईचा होता, पण बातमी वाटेतच वाढली असणार.

सासूबाईंनी लगबगीने देवघरापुढे पाट मांडला. “ये पोरी, बस.”

सून स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. “मला देवापुढं नाही बसता यायचं.”

“का गं?”

“आज सकाळपासून.”

आमच्या घरात त्या दिवसांचा एकच नियम उरला आहे, देवघराकडे जायचं नाही. चुलीचा नियम मी कधीच मोडला. रविवारी पन्नास माणूस जेवायला असताना बाजूला बसायला कुणाला परवडतंय? पण देवघराचं सासूबाई ऐकत नाहीत, आणि त्या बाबतीत आमच्याकडे कुणी खोटं बोलत नाही. त्यामुळे जे शपथ घेऊन सांगूनही त्यांना पटलं नव्हतं, ते त्यांना पाटाजवळ उभ्या उभ्या पटलं.

“आसं कसं?” त्या म्हणाल्या.

“असंच,” मी म्हणाले. “दर महिन्याला.”

विहीणबाई मटकन खाली बसल्या. मग त्यांनी पदर खोचला. “मग तर आता आजिबात न्हाई जायचं भोरला. दाताची आवषधं लई गरम. आंगात उष्णता झाली तर दिवसच राहायचे न्हाईत.”

मला हसू आवरेना. “विहीणबाई, दिवस गेले म्हणून दाढ नको, आन् गेले न्हाईत म्हणून बी नको. मग दाढेनं जायचं कधी? म्हातारपणी काशीला?”

“हसा तुमी. पोरगी आमची हाय.”

“आता आमची हाय.”

“तुमची आसती तर बघाय आला तवाच दिसली आसती तिची दाढ.”

“तुमाला तरी दिसली का इतकी वर्सं?”

मला वाटलं आता जोरात काहीतरी येणार. पण विहीणबाई आवाज उतरवून म्हणाल्या, “दिसली व्हती. म्हणलं, लगीन ठरतंय, आत्ता कुटं दातात हात घालायचा. सासरचे करतील.”

म्हणजे दाढेचा असा प्रवास चालला होता. माहेरने सासरवर सोपवली, सासर बाळंतपणानंतरवर सोपवायला निघालं. बाळंतपणानंतर नवलाई संपलेली, मांडीवर पोर, मग कुठली दाढ आणि कुठलं भोर. ती पडेपर्यंत तिच्या वाटणीला एक मोकळा सोमवार येणार नव्हता.

सून दारातून पुढे आली. देवघरापासून अंतर राखून, आईच्या समोर बसली.

“आई, ताईचं आठवतं का?”

“आता ते कशाला काढती?”

“सातव्यात गाल सुजला होता तिचा. तू पेज करून चमच्याने पाजायचीस. रडायचीससुद्धा. पण डॉक्टरकडे नेलं नाहीस. तिचं पोरगं झालं तेव्हा तिला त्याचा पापा घेता आला नाही, तोंडच उघडत नव्हतं. मी होते ना तिथं. मला तसं नको. मूल मला पण हवंय, आई. पण आधी हे.”

विहीणबाईंनी खण परत पिशवीत ठेवायला घेतला. बाहेर ट्रेकवाली पोरं पाणी मागत होती, मी त्यांना जरा थांबा म्हणून ओरडले. आत आले तर सासूबाईंना वेगळीच चिंता लागलेली.

“आणलेली चोळी माघारी न्हेत न्हाईत,” त्या म्हणाल्या. “आपशकुन आसतो. आता हिचं काय करायचं?”

“दाढेची समजा,” मी म्हणाले. “दाढेची चोरचोळी.”

“तुला सगळ्यात चेष्टाच सुचती,” म्हणून त्या फणकारल्या. पण भिंतीकडे तोंड करून बसल्या तेव्हा त्यांचे खांदे हलत होते. थोड्या वेळाने तिकडूनच म्हणाल्या, “जावा उद्या. पर मशीन कुटनं कसं घातलं ते मला येऊन सांगू नगा.”

विहीणबाई मुक्कामाला राहिल्या आणि सकाळी आमच्याबरोबर निघाल्या. जीपमध्ये वरच्या आळीची ती बाई होतीच. ती आपली मुक्कामच जीपमध्ये करते असं मला कधी कधी वाटतं.

“आता विहीणबाई बी संगट?” तिने गोड आवाजात विचारलं.

“दाढ!” विहीणबाई अशा ओरडल्या की ड्रायव्हरने गाडी हळू केली.

गावात त्यावर दुसरी आवृत्ती निघाली, की होतं पण दाढेपायी गेलं. ती मात्र सासूबाईंनीच मोडली. नळावर जाऊन त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, की त्यांच्या घरात काही आलंही नव्हतं आणि काही गेलंही नाही, आणि ज्यांना शंका असेल त्यांनी त्यांच्या देवघरापुढे येऊन विचारावं. कुणी आलं नाही.

डॉक्टरने दाढ पुन्हा साफ केली, आम्हाला उशिरा आल्याबद्दल दोन शब्द सुनावले आणि त्यानंतरच्या खेपेला पक्कं भरून टाकलं. कॅप बसवायच्या दिवशी आम्ही दोघीच होतो. डॉक्टरने कॅप बसवून पाहिली आणि चावलं की उंचवट्यावर डाग उठवणारा एक पातळ निळा कागद सुनेच्या दातांत धरला.

“चावा. उंच लागतंय का?”

नव्या सुना सगळ्याला चालेल म्हणतात. साडी चालेल, भाजी चालेल, खोली चालेल. मला वाटलं, आताही तेच ऐकू येणार. पण सुनेने डोळे मिटून हळूच चावलं, जबडा इकडे तिकडे हलवला आणि म्हणाली, “थोडं उंच आहे.”

डॉक्टरने घासलं. परत कागद. “आता?”

“अजून आहे. मागच्या बाजूला.”

डॉक्टरने परत घासलं. बाहेर पुढचा पेशंट खोकून आपण आल्याचं कळवत होता. मार्गासनीहून सुटणारी दुपारची जीप चुकायची वेळ आली होती, आणि ती गेली की तिथं दोन तास झाडाखाली बसावं लागतं. बस झालं गं, चावलं की जाईल बसून, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिने परत चावलं. उजवीकडे, सावकाश, मग जोरात, आणि ती छताकडे बघत विचार करत राहिली.

“बोला,” डॉक्टर म्हणाली. “संकोच करू नका.”

“अजून थोडंसं,” ती म्हणाली.

डॉक्टरने मशीन पुन्हा हातात घेतलं. मी पिशवी खाली ठेवली आणि बसले.